झाशीच्या गंगाळात कांदळाची शेंग

रत्नागिरीहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, आंबापोळी, काजू आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कांदळाच्या चार शेंगा होत्या. आई दारातून म्हणाली, "लोक कुणाकडे जाताना खणनारळ नेतात, तू चिखलातल्या शेंगा ने!" पण शेंगा रेवतीने मागितल्या होत्या. इतकी वर्षं आम्ही एकत्र काम करतोय, त्यात तिने माझ्याकडे हक्काने मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

रेवती झाशीत राहते आणि आमच्या खाडीतली झाडं ओळखते, तीही आकाशातून. काम आम्ही वाटून घेतलंय. मी खाडीत उतरते, गुडघाभर चिखलात उभी राहून हा तिवर, हा कांदळ, ही चिपी असं जागेवर टिपून घेते. तिच्याकडे उपग्रहाने वरून काढलेली चित्रं असतात. आपल्या डोळ्यांना खारफुटीचं सगळं रान एकाच हिरव्या रंगाचं दिसतं, पण प्रत्येक जातीचं पान ऊन जरा वेगळ्या तऱ्हेने परत पाठवतं. आपल्याला न दिसणारा प्रकाशही उपग्रह टिपतो, म्हणून तो फरक त्याला कळतो. मी ओळखलेल्या झाडांवरून रेवती संगणकाला शिकवते आणि मग संगणक उरलेली खाडी रंगवून देतो. तिवर पिवळा, कांदळ जांभळा, चिपी निळी. एवढं सगळं करून बाईंनी समुद्र पाहिलेला नाही. कांदळ तर नाहीच नाही. "ताई, एकदा हातात घेऊन बघायचंय," ती फोनवर म्हणाली, आणि मी शेंगा काढायला चिखलात उतरले.

पावसाळ्यात उपग्रहाला ढगांशिवाय काही दिसत नाही आणि मलाही खाडीत फार आत जाता येत नाही. म्हणून समोरासमोर बसून नकाशा पुरा करायला हाच काळ बरा होता. श्रावण होता, मासे तसेही बंद होते. घर सोडताना जीभ फारशी कुरकुरली नाही.

गाडीत माझ्या समोर झाशीजवळच्या बबीन्याच्या एक बाई होत्या. नवरा फौजेत, दोन मोठ्या ट्रंका, आणि गप्पांना खंड नाही. इटारसीच्या पुढे मी शेंगांचा कागद पुन्हा ओला करायला पिशवी उघडली, तसे त्यांचे डोळे चमकले.

"दीदी, बारिश में मुनगा कहाँ मिल गया आपको?"

मुनगा म्हणजे शेवगा. मी म्हटलं, हा मुनगा नाही, समुद्राकाठच्या झाडाची शेंग आहे. त्यांनी एक हातात घेऊन उलटसुलट केली, वास घेतला आणि मला समजावलं, "मुनगा ही है. राई का छौंक देना, और थोड़ा अमचूर." झाशी येईपर्यंत त्यांनी मला तीन प्रकारांनी मुनगा शिकवला. मीही माझी हुशारी गुंडाळून ऐकून घेतलं. खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

झाशीला उतरले तेव्हा पाऊस पडून गेला होता आणि ऊन असं काही पडलं होतं की अंगाला वाफ लागत होती. रिक्षावाल्याने विचारलं, "कितै जाने, बाईजी?" (कुठे जायचं?) मी पत्ता सांगितला. तो म्हणाला, "हओ." हओ म्हणजे हो. या एका शब्दावर मी पुढे सगळे दिवस भागवले. दगडांचा इतका सपाट, तापलेला मुलूख मी पाहिला नव्हता. मध्येच टेकडी उठते आणि तिच्यावर किल्ला. रिक्षावाल्याने हात न उचलता मानेने किल्ला दाखवला आणि म्हणाला, "गोद लिया बेटा माना नहीं अंग्रेज ने. बस, उसी पे सब हुआ." शाळेत आम्ही 'दत्तक नामंजूर' पाठ केलं होतं परीक्षेसाठी. इथे ते गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीत घडल्यासारखं बोलतात.

रेवतीचं घर नव्या वस्तीतलं, बेताचं, पुढे अंगण. अंगणात शेवग्याचं एक झाड आणि झाडाखाली मान वर करून उभे असलेले तिचे सासरे, आबा. एका हातात पाण्याची बादली. मला पाहून त्यांनी बादली खाली ठेवली.

"या ताई. तुम्ही आमच्या मुलकातल्या. येण्याची तसदी घेतलीत, बरं वाटलं."

त्यांचे पूर्वज कोकणातून आधी झाशीकडच्या गुरसरायला आले, जहागिरीच्या कारभारात होते, मग झाशीत. कोकणात नेमकं कुठे, हे कुणालाच ठाऊक नाही. मराठी त्यांची अशी की 'मुलूख' आणि 'तसदी' त्यांच्या तोंडात रोजच्या वापरातले, आणि पुढच्याच वाक्यात, "सूनबाई, जरा पंखा चालव, ताईंना गर्मी होतेय." काकू, म्हणजे रेवतीच्या सासूबाई, लगेच लटा घेऊन आल्या (भाजलेली मोहाची फुलं कुटून केलेले लाडवासारखे गोळे). रेवतीचा नवरा हेमंत बबीन्याला शाळेत शिकवतो, तो संध्याकाळी यायचा होता. आणि रेवतीची लेक जुई काकूंच्या पदराआडून मला बघत होती. तिसरं वर्ष सरत आलेली, कानात लाल खडे, कपाळावर घामाने चिकटलेले केस. जुई दत्तक आहे. हे मला रेवतीने कधीच सांगितलं होतं. झाशीत हा शब्द कुणी आवाज बारीक करून बोलत नाही, ते मला फार आवडलं.

शेंगा रेवतीने दोन्ही हातांत धरल्या. इतकी वर्षं जांभळा ठिपका म्हणून ओळखलेली गोष्ट ती बोटांनी चाचपत होती. खरखरीत साल, जाड टोकदार बूड, वरचं बारीक तोंड. "इतकी जड असते?" एवढंच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग आम्ही दोघीही उगाचच हसलो आणि शेंगा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून कामाला बसलो.

नकाशात गडबड होती. आमच्या जेटीजवळचा अर्धा तिवर तिने कांदळ करून टाकला होता. बरंच शोधल्यावर कारण सापडलं. तिने फाल्गुन-चैत्रातली चित्रं वापरलीच नव्हती. का, तर "तेव्हा पानं झडतात ना, ताई." बुंदेलखंडात पळसाची रानं चैत्रात उघडीबोडकी होतात; तिने तोच नियम आमच्या खाडीला लावला होता. "अगं, खारफुटी बारमाही हिरवी! तिला पानगळीचा मोसम नसतो!" मी कपाळाला हात लावला. तिने जीभ चावली. तिवर-कांदळातला फरक ज्यांत नीट उतरतो ती टाकलेली चित्रं परत घेतली आणि संध्याकाळपर्यंत पिवळा पिवळ्याच्या जागी आला.

काम करताना ती सारखी खिडकीतून शेवग्याकडे बघत होती. शेवटी मी विचारलं.

"आमच्याकडे एक रीत आहे," ती म्हणाली. "शेंग रोवायची. मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत, श्रावणातल्या सोमवारी, बेतवा नदीच्या काठी. मुलाच्या हातात शेवग्याची शेंग द्यायची, ती चिखलात उभी रोवायची. तेव्हा ते मूल घरात रुजलं. मग जुईही हेमंतची झाली, आबांची झाली, सगळ्यांची झाली. पण शेंग घरच्याच झाडाची लागते. बाजारची नाही, शेजारची नाही."

"आणि झाडाला शेंगा नाहीत."

"श्रावणात कुठून असणार? ढीगभर येतात त्या चैत्रात. तरी प्रत्येक वेळी एखादी राहून जायची, मुद्दाम राखायचे. या वर्षी ती पण वाळून पडली." तिने बोटांवर दिवस मोजले. "जुईचा हा शेवटचा श्रावण. उद्या नाही परवा सोमवार, तो शेवटचा."

शहराचा सावन केव्हाच संपला होता. या मराठी घरांचा श्रावण अमावास्येपासून धरतात, म्हणून पंधरा दिवस उशिरा येतो आणि उशिरा जातो. तोही आता संपत आला होता.

"आबा नाही म्हणाले का?"

"आबा? मी विचारलं तर म्हणाले, झाशीच्या माणसाने दत्तक नामंजूर म्हणायचं? जीभ झडेल माझी! पण खोटी शेंग देवापुढे कशी रोवू, सूनबाई, तूच सांग. शेंग लागली की करू. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ झाडाला पाणी घालतात. पावसात सुद्धा."

मला एकदम त्या म्हाताऱ्याची वर केलेली मान आठवली. बाहेर नुकताच पाऊस झाला होता, आणि आबा बादली घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी पानं मांडली. वरणभात, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, आणि मोठ्या कौतुकाने वाढलेली आमटी. "ताई, तुमच्या शेंगांची. आमच्याकडे सावनात मुनगा भेटत नाही, म्हटलं आजच बनवून टाकू."

मी पुरीचा तुकडा हातात धरून तशीच राहिले. रेवतीचा चेहरा पांढरा पडला. तोवर आबांनी पहिला घास घेतला होता. कांदळाच्या सालीत तुरटपणा इतका की पूर्वी आमच्याकडे तिने मासेमारीची जाळी रंगवत. आबांचं तोंड आधी डावीकडे गेलं, मग उजवीकडे. पाहुण्यांसमोर थुंकायचं नाही, म्हणून त्यांनी तो घास डोळे मिटून गिळला.

"हे काय आहे?"

"शेवगाच आहे," काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज खाली आला. "चिरताना आतून भरीव निघाला. बी नाही. मला वाटलं, आजकाल सगळं हायब्रिड."

मी हसू लागले ते थांबेनाच. रेवती मात्र रडायच्या बेतात होती. तिच्या कांदळाची आमटी झाली होती. "सगळ्या चिरल्या, आई?" काकू म्हणाल्या, "तीनच होत्या." मी आणल्या होत्या चार. शोधाशोध सुरू झाली. तेवढ्यात जुईने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! गुड़िया सो रही है."

आतल्या खोलीत उशीवर आबांचा रुमाल पांघरून चौथी शेंग झोपली होती. बारीक तोंडावर काजळाने दोन डोळे काढलेले.

जुईने ती फक्त आबांच्या हातात दिली, दुसऱ्या कुणाला देईना. आबांनी शेंग डोळ्यांजवळ नेली. "शेवग्यासारखीच. पण शेवगा नाही. ताई, ही झाडावर कशी लागते?"

मी सांगितलं. कांदळाचं बी जमिनीत रुजत नाही, ते आईच्या फांदीवर असतानाच रुजतं. शेंग म्हणतो ते खरं तर रोपच. पावसाळ्यात, याच दिवसांत, ते सुटून पडतं. ओहोटी असली तर तिथेच चिखलात उभं रुततं. भरती असली तर पाण्याबरोबर जातं, कधी या खाडीतून त्या खाडीत, आणि जिथे चिखल लागेल तिथे मूळ धरतं.

"याच दिवसांत?" आबांनी विचारलं.

"हो. श्रावणात खाडीभर तरंगत असतात."

ते उठले. मोरीतून तांब्याचं जुनं गंगाळ ओढत आणलं, पाण्याने भरलं आणि जुईच्या हाताने शेंग त्यात सोडली. ती आधी आडवी पडली. मग तिचं जड बूड हळूहळू खाली गेलं आणि ती तिरकी होऊन पाण्यात उभी राहू लागली. काजळाचे डोळे वर. आबांचे ओठ हलत होते. मग ते मोठ्याने म्हणाले, एका सुरात, आरतीतली ओळ म्हणावी तसे:

"तरत ये, तटी लाग, उभी राहा."

"शेंग रोवताना हे म्हणतात," रेवती माझ्या कानात म्हणाली.

आबांनी हात पुसले, जेवण तसंच ठेवलं आणि अंगणात जाऊन शेवग्याखाली उभे राहिले. कुणी त्यांना हाक मारली नाही. काकूंनी आमटी गुपचूप दारात येणाऱ्या गाईच्या घमेल्यात ओतली; गाईनेही ती खाल्ली नाही, हे मी संध्याकाळी पाहिलं.

उजेड सरायच्या आत ते आत आले आणि आमच्या संगणकासमोर खुर्ची ओढून बसले. "दाखवा तुमची खाडी."

रेवतीने नकाशा उघडला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हा जांभळा म्हणजे ही शेंग?"

"हो आबा, कांदळ."

"आता मला सांगा ताई, यातलं कुठलं झाड मुळचं तिथलंच, आणि कुठलं दुसरीकडून तरत आलेलं, हे तुमच्या उपग्रहाला कळतं का?"

"नाही कळत," मी म्हटलं. "मलाही कळत नाही, झाडाशेजारी उभी राहून. नकाशात झाड कुठलं आणि कुठे उभं आहे, एवढंच येतं."

आबांनी जांभळ्यावर बोट टेकवलं. "माझ्या बापाने म्हटलं, मी म्हटलं, हेमंतच्या वेळी म्हटलं. तरत ये. कधी डोक्यात आलं नाही. घरच्या अंगणातली शेंग तरत कुठून येईल? तरत येते ती लांबून येते." त्यांनी चष्मा काढला. "मी वेडा तीन महिने झाडाला पाणी घालत बसलो. पोरीची शेंग घरात उशीवर झोपलेली होती."

आबांचे पूर्वज कोकणात कांदळच रोवत होते, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आमच्याकडे अशी रीत आज कुणी करत नाही. मी तरी ऐकलेली नाही. आबांना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "नसेल. तुमच्याकडे झाडं राहिली, आमच्याकडे रीत राहिली." मग त्यांनी काकूंना हाक मारली. "अहो, ऐकलंत का? उद्या सोमवार. पोरीला नवा फ्रॉक काढा."

रेवती उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती नळ सोडून नुसतीच उभी होती. मी नळ बंद केला आणि तिला जवळ घेतलं.

सोमवारी सकाळी हेमंतने शाळेतून रजा घेतली आणि आम्ही सगळे चिरगावच्या वाटेने बेतवेवर गेलो. घाट साधाच, तुटक्या पायऱ्यांचा. नदी भरून, गढूळ आणि घाईत. मी सवयीप्रमाणे चपला पार वरच्या पायरीवर, दगडाआड ठेवल्या. हेमंत म्हणाला, "दीदी, इतक्या वर का?"

"भरती आली म्हणजे?" मी बोलून गेले.

आबा इतके हसले की त्यांना काठी टेकावी लागली. "बेतवेला भरती आली तर मी तुम्हाला सोन्याच्या चपला करून देईन, ताई!"

पाण्याजवळच्या चिखलात काकूंनी हळदकुंकू टाकलं. आबांनी जुईला पुढ्यात घेतलं, तिच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून शेंग रोवली. "तरत ये," आबा म्हणाले. जुई म्हणाली, "ये." "तटी लाग." "लाग." "उभी राहा." शेंग चिखलात ताठ उभी होती, काजळाचे डोळे नदीकडे. हेमंतने तोंड फिरवलं होतं. रेवती उघड उघड रडत होती आणि मीही काही कमी नव्हते.

रीत झाली. आम्ही पायऱ्या चढू लागलो. जुई हलेना.

"चल बेटा," काकू म्हणाल्या.

"गुड़िया को छोड़के नहीं जाना."

काकूंनी समजावलं, गुड़िया आता नदीची झाली. हेमंतने बिस्किट दाखवलं. जुईने भोकाड पसरलं. मला माहीत होतं की पूर चढला की ही शेंग इथे एक रात्रही टिकणार नाही, पण आज ते बोलायची माझी हिंमत नव्हती. काकू म्हणाल्या, "आजवर रोवलेली शेंग कुणी घरी नाही आणली." सगळे आबांकडे बघू लागले.

आबा चार पायऱ्या खाली उतरले, चिखलात वाकले आणि शेंग अलगद मोकळी केली. "लांबून आलेल्याला नदीवर सोडून जायचं नसतं," ते जुईला म्हणाले. "घरी न्यायचं असतं. हओ?"

"हओ," जुई म्हणाली, आणि चिखलाने भरलेली बाहुली नव्या फ्रॉकला चिकटवून घेतली.

निघायच्या दिवशी रेवतीने विचारलं, कुंडीत मीठ किती घालू. मी सांगितलं, चिमूटभर पुरे. मीठ कांदळाला सोसतं, त्याच्यावाचून अडत नाही. चिखल मात्र वाळू द्यायचा नाही, पाणी येऊन-जाऊन असलं पाहिजे. आबांनी ते काम लगेच आपल्याकडे घेतलं. शेवग्याची बादली आता कुंडीला. "बेतवेला नसेल, पण आमच्या अंगणात सकाळ-संध्याकाळ भरती येईल," म्हणाले. स्टेशनवर काकूंनी लट्याचा डबा दिला आणि कानात बजावलं, "पुढच्या वेळी शेंगा आणल्या तर आधी सांगा हां, काय आहे ते."

घरी परतल्यावर ओहोटीला खाडीवर गेले. पाण्याबरोबर शेंगा चालल्या होत्या, काही आडव्या, काही उभ्या. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे कामाची नजर लावून पाहिलं, आणि कुठली कुठून आली हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं, कारण चिखलात उभी राहिलेली शेंग ज्या काठाला असेल त्या काठाचीच मी टिपत आले. मला ते नुसतं काम वाटत होतं. झाशीच्या एका म्हाताऱ्याला त्यावर पोरीचं घर उभं करता आलं.

नकाशा पुरा झाला, पाठवून झाला. दसऱ्याच्या सुमारास रेवतीचा एक फोटो आला. कुंडीतल्या शेंगेच्या बारीक तोंडाशी, काजळाच्या पुसट डोळ्यांच्या वर, दोन तुकतुकीत हिरवी पानं उघडली होती. शेजारी जुई गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. फोटोखाली आबांचा आवाज भरून पाठवलेला होता. मागे बादली ठेवल्याचा आवाज, मग खाकरणं, मग दोन शब्द.

"उभी राहिली."